मागं बसणारीची उंची

गाडी कुठली घ्यावी असं मला कोणी विचारलं की माझं टाळकं सरकतं. विचारणाऱ्याची त्यात चूक नसते. गावात चाळीस वर्षं मोटारसायकल चालवलेला म्हातारा मी एकटाच उरलोय, म्हणून येतात. ओट्यावर बसतात आणि मोबाईलमधली चित्रं दाखवतात. ही बघा आप्पा, पिकप बघा हिचा. ही बघा, हिचा दिवाच बघा कसा वाघाच्या डोळ्यागत हाय. मी विचारतो, "मागं कोण बसणार?" तर माझ्या तोंडाकडं बघत राहतात. "मागं व्हय? मागं काय, कोण बी बसंल की."

कोण बी बसंल. हे ऐकलं की मी उठून शेळ्यांकडं जातो. नाही गेलो तर तोंडातून काय बाहेर पडेल त्याचा भरवसा नाही.

आमचं गाव सोलापुरापासून अक्कलकोटच्या अंगाला, गाडीवर पाऊण तासावर. जात धनगराची, शाळा चौथीपर्यंत. बापानं मेंढरं घेऊन पायी मुलूख पालथा घातला. मी जरा शहाणा निघालो, मी गाडी घेतली. पोटाशी कोकरू धरून चालवली, मागं कडब्याच्या पेंढ्या बांधून चालवली, बाजारात बोकड न्यायचा तर पाय बांधून टाकीवर आडवा टाकून चालवली. आणि मागं बायको. ती अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा मराठी बोलताना अडखळायची. पुढं शिकली, पण राग आला की तो कानडीतच यायचा. मला निम्मा कळायचा, निम्मा अंदाजानं घ्यायचो.

माझी जुनी गाडी बुटकी होती. लांब सपाट सीट, मागं लोखंडी कॅरिअर, डाव्या अंगाला चाकात साडी जाऊ नये म्हणून जाळी, आणि जाळीच्या खाली बाईमाणसाला पाय ठेवायला आडवी पट्टी. बायको त्या पट्टीवर पाय ठेवायची, उजवा हात माझ्या खांद्यावर, आणि बसायची. गाडी हलायचीसुद्धा नाही. एवढी वर्षं बसली, पण ती कशी चढते हे मी एकदाही मान वळवून बघितलं नाही. खांद्यावर हात पडला की गिअर टाकायचा, एवढंच मला ठाऊक.

मग तिच्या किडन्या गेल्या. साखरेनं गेल्या म्हणाले. सोलापूरच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा मशिनला लावायचं, रक्त धुऊन घ्यायचं. नंबर मिळाला तो सकाळी सहाचा. आमच्या गावातून सकाळी सहाला पोचवणारी एसटी नाही. वडापची जीप आहे, पण ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि माणसं भरतात आठला. म्हणजे गाडी. पहाटे पाचला मी गाडीला किक मारायचो आणि ती मागं बसायची. तिच्या डाव्या हाताला मशिनसाठी नस जोडून घेतलेली. त्या हातावर जोर द्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही, बांगड्यासुद्धा घालायच्या नाहीत. सगळ्या हिरव्या बांगड्या मग उजव्या हातात. त्या माझ्या खांद्यावर किणकिणायच्या.

असं सव्वा वर्ष चाललं. मग जुन्या गाडीनं मान टाकली. वीस वर्षं झाली होती तिला, तिचाही काही दोष नाही. भवानी पेठेत माझा मिस्त्री आहे, मुसलमान माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यानं इंजिन उघडलं, आत बघितलं, आणि हात पुसले.

"अब इसको कायकू मारते मामा? गया इसका."

"मग दुसरी कंची घिऊ?"

त्यानं असली गाडी सांगितली की मी आजही डोळे मिटून सांगेन. शंभर सीसीची. बुटकी. सीट लांब आणि सपाट, मागं उतार नको, मागं चढ नको. साडीची जाळी कंपनीचीच पाहिजे, पायपट्टी पाहिजे, डबल स्टँड पाहिजे. पळायचं नाही तुम्हाला, पोचायचं आहे, असं म्हणाला. आणि मी निघालो तर मागनं हाक मारून म्हणाला, "मामीको लेके जाव शोरूम में. बिठाके देखो पैले."

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलंच नाही. तिला नेऊन काय करायचं? तिला गाडीतलं काय कळतंय? असं मला वाटलं. हे मी लिहितोय, कारण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

दसरा आठ दिवसांवर होता, तोवर उसन्या पैशानं भाड्याची जीप करून तिला मशिनला नेलं. आमच्याकडं गाडी दसऱ्याला नाहीतर पाडव्याला घेतात. मधल्या दिवशी घेतली तर लोक विचारतात, का रं, काय नड हुती? मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, असे तिघं जण दसऱ्याला सकाळीच शोरूममध्ये गेलो. जत्रा होती तिथं. झेंडूच्या माळा, पेढ्यांचे पुडे, एकेका गाडीभोवती दहा-दहा माणसं. टाय घातलेला एक तरुण गडी आमच्या वाट्याला आला. त्यानं कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली. मामा, तुमची उंची किती? रोज किती किलोमीटर? रस्ता डांबरी का कच्चा? वजन वाहता का? शेवटाला विचारलं, रंग कुठला आवडतो. मागं कोण बसणार, तिची उंची किती, तिचा कुठला हात अधू आहे, हे त्याच्या कागदावर नव्हतंच. आणि मीही सांगितलं नाही.

मी बुटकी मागितली. तो म्हणाला, "संपली मामा. परवाच शेवटची गेली. दहा दिवसांनी येईल."

दहा दिवसांनी! गावात मारुतीच्या देवळापुढं माणसं थांबलेली. भावजयीनं नारळ, लिंबं, हळदकुंकू काढून ठेवलेलं. बायको ओवाळायचं ताट घेऊन बसलेली. आणि मी मोकळ्या हातानं वडापमधनं उतरायचं?

"ही घेऊन जा की," तो गडी म्हणाला. "कंपनी तीच. ताकद दीडपट. खड्ड्यात खाली घासणार नाही. तुमच्यासारख्या उंच माणसाला हीच शोभते."

लाल होती. दिव्याखाली नुसती चमकत होती. मी तिच्यावर बसलो. माझे पाय टेकले. भाऊ म्हणाला, "दादा, पंचवीस वर्सांनी कमी दिसतुयास बघ." पुतण्यानं फोटो काढला. मागची सीट माझ्या सीटपेक्षा वर चढलेली होती, पुढं उतरती होती, हे मी बघितलं. पट्टी नव्हती, हेही बघितलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मामा, ते आता कोणी लावत नाही." बरं म्हणालो. मुहूर्त टळत होता.

पुढं काय झालं ते ऐका, म्हणजे आमच्यासारखी माणसं कशी फसतात ते कळेल. गाडी मारुतीपुढं आणली. चाकाखाली लिंबं ठेवली, ती चिरडली. बायकोनं ओवाळलं. मग बाया ओरडायला लागल्या, "बसा की आता मागं! राणीसायेब, बसा!" आणि देवळाचा कट्टा शेजारीच होता. ती कट्ट्यावर चढून उभी राहिली आणि तिथनं सरळ सीटवर सरकली, झोपाळ्यावर बसल्यागत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गावातनं एक फेरी मारली आणि घरी आणून ओट्याशी लावली. ती ओट्यावर उतरली. झालं. कुणाला काय कळणार? मला तरी कुठं कळलं!

दवाखान्यासमोर कट्टा नव्हता.

दवाखान्यासमोर सपाट काँक्रीट. पायऱ्यांशी गाडी लावायला गेलो की वॉचमन शिट्टी मारायचा, ती अँब्युलन्सची जागा. त्याचंही बरोबर होतं. मग मी गाडीवर बसून दोन्ही पाय रोवायचो, गाडी डाव्या अंगाला कलती करायचो आणि म्हणायचो, बस. चार तास मशिनला लावून बाहेर आलेली बाई. अंगातलं पाणी काढून घेतलेलं, तोंड पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. मागची कडी धरून वर चढायचं तर डावा हात लागतो, आणि डाव्या हातावर जोर द्यायचा नाही. उजव्या हातानं माझा खांदा ओढायची. पाय वर पोचायचा नाही. पोचला तर कंबर पोचायची नाही. तीनदा, चारदा करावं लागायचं. बसली तर उतरत्या सीटवरनं पुढं घसरायची आणि पाऊण तास माझ्या पाठीवर रेटून यायची.

वॉचमन एकदा म्हणाला, "आजी, शिडी आणू का?"

"आण की बाबा," ती म्हणाली. "आकाशात उडायचं इमानच हाय न्हवं ह्ये."

रिक्षावाले हसले, ती हसली. मी त्या वॉचमनला आईवरनं शिवी दिली. आता वाटतं, शिवी त्याला द्यायची नव्हती. इमान हाय हे ती त्याला नव्हती सांगत.

मी काही हातपाय हलवले नाहीत असं नाही. मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं गाडी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि मागच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "बोला था ना मामा मैं." त्यानं खाली एक पट्टी वेल्ड करून दिली. पाय ठेवायची सोय झाली, पण सीट काय खाली आली नाही. तो म्हणाला, बदलून टाका, नवीकोरी आहे, शोरूमवाला घेईल परत, थोडा तोटा जाईल. मी म्हणालो, बघू. दसऱ्याची गाडी महिन्यात परत द्यायची? गाव काय म्हणेल, म्हातारीला चढता येईना म्हणून गाडी परत केली? असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. काय होतं ते आता नीट आठवतही नाही, एवढं ते फालतू होतं.

एका सोमवारी दोघं पडलो. तिनं खांदा ओढला, माझा पाय काँक्रीटवरनं सरकला, गाडी कलली ती कललीच. ती खाली, तिच्यावर मी, माझ्या पायावर गाडी. रिक्षावाल्यांनी उचललं. तिच्या उजव्या हातातल्या तीन बांगड्या फुटल्या, कोपर सोललं. मशिनचा हात वाचला. आणि मी तिला काय म्हणालो? लागलं का, असं नाही म्हणालो. मी म्हणालो, "चाळीस वर्सं बसतीयास, आता काय धाड भरली तुला? नीट बसाय येत न्हाय?"

सगळ्यांसमोर.

तिनं फुटलेल्या बांगड्यांच्या काचा वेचल्या. कानडीतसुद्धा शिवी आली नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती म्हणाली, "डाक्टर म्हणाले, आता आठवड्यातनं दोनदाच पुरं. तब्येत सुदारलीया."

"व्हय? बरं झालं."

बरं झालं, असं मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं. तूर काढायला आली होती, माझे गुडघे दुखत होते, आणि शनिवारची पहाट मोकळी मिळाली. मी तिला विचारलं नाही की कुठला डॉक्टर म्हणाला, कधी म्हणाला. दवाखान्यात मी बाहेर लिंबाखाली बसायचो, आत तीच जायची, कागद तिच्याच पिशवीत असायचे. पौषात एकदा म्हणाली, आज मशीन बंद हाय, दवाखान्यातनं फोन आलाय. मी म्हणालो बरं, आणि गाडीवर फडकं मारायला बसलो. पाय सुजले तर म्हणायची, लई येळ बसले म्हणून. तोंड सुजलं तर म्हणायची, झोप झाली न्हाय. मेंढराचं पोट फुगलं तर मला लांबून दिसतं. बायकोचं दिसलं नाही.

माघात एका पहाटे तिला धाप लागली. आडवं होता येईना. भावानं जीप आणली. जीपमध्येही ती उजव्या हातानं माझा खांदा धरून होती. दवाखान्यात घेतलं, मशिनला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तेरावा झाल्यावर मी कागद आणायला दवाखान्यात गेलो. मशिनच्या खोलीतली सिस्टर बाहेर आली. पोरीच्या वयाची बाई. म्हणाली, "काका, आजींना किती वेळा सांगितलं होतं. तीनदा यायलाच पाहिजे म्हणून. एकही खाडा करू नका म्हणून."

"दोनदाच यायला सांगितलं हुतं की तुमी."

"आम्ही?"

मी तिच्यावर ओरडलो. हात जोडून नाही, बोट नाचवून ओरडलो. तुमी सांगितलं, तुमच्या डाक्टरनं सांगितलं, आता माणूस गेल्यावर अंग काढता. लोक जमले. तिनं आतनं कार्ड आणलं. मला वाचायला वेळ लागतो, पण एवढं वाचता आलं. खाडा. खाडा. खाडा. प्रत्येक शनिवारच्या पुढं. आणि बाजूला बायकोनं सांगितलेलं कारण: आणायला माणूस नाही.

आणायला माणूस नाही!

घरी आलो तेव्हा तेराव्याला आलेली माझी पोरगी अजून होती. ती जेऊरच्या बाजूला दिलीय, धरणाच्या पाण्याकाठी केळीचं रान आहे त्यांचं. ती चुलीपुढं बसली होती. मी कार्ड तिच्यापुढं टाकलं. तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तेव्हाच मला कळलं की हिला माहीत आहे.

"तुला ठाऊक हुतं?"

"आईनं शपथ घातली हुती, आप्पा."

"कसली शपथ? मरायची?"

"फोनवर म्हणाली, मला त्या गाडीवर चढाय ईना झालंय. सोमवार आन बुधवार कसं तरी करती, शनवारी ताकदच ऱ्हात न्हाय. मी म्हणलं आप्पास्नी सांग, तर म्हणाली, नगं. त्यास्नी सांगितलं तर त्ये गाडी इकतील."

"मग इकली असती! त्यात काय हुतं?"

पोरगी रडत होती, पण बोलताना तिनं नजर खाली घेतली नाही. "तुमी रोज फडक्यानं पुसत हुता त्या गाडीला. सकाळ-संध्याकाळ. आई म्हणाली, इतक्या वर्सात त्या माणसानं सोताच्या आवडीचं येवढंच एक घेतलंय."

मी पोरीला घालवून दिलं. खरं सांगतो, तिथंच ऊठ म्हणालो आणि पुतण्याला तिला जेऊरच्या रेल्वेत बसवून यायला सांगितलं. दोन महिने तिचा फोन घेतला नाही. तिनं सांगायला पाहिजे होतं, हे मी आजही म्हणतो. शपथ घातली म्हणून आईला मरू देतात का? पण पोरीवर ओरडणं सोपं आहे. सिस्टरवर ओरडणं सोपं आहे, वॉचमनवर, शोरूममधल्या त्या टायवाल्यावर. माझं सगळ्यांवर ओरडून झालंय. गाडी त्याच महिन्यात एका दूधवाल्याला देऊन टाकली. उंच गडी आहे, एकटाच फिरतो, त्याला बरोबर बसते. वाईट गाडी नव्हती ती, हेही सांगितलं पाहिजे.

वर्षश्राद्ध झालं आणि दीड महिन्यात पाडवा आला. पुतण्या पेढे घेऊन ओट्यावर आला. त्याची बायको सातव्या महिन्यात होती, महिन्याला सोलापूरला तपासायला न्यायचं होतं, म्हणून गाडी घेत होता.

"आप्पा, मोबाईलवर नोंदवलीया. पाडव्याला आणायची. नारळ तुमच्या हातानं."

"पोरीला दाखवलीस?"

"कुणाला? हिला? तिला काय कळतंय त्यातलं?"

माझं काय झालं मला माहीत नाही. मी हातातला पेढ्यांचा पुडा शेळीच्या गव्हाणीत फेकला. भावजय आतनं धावत आली. "भावजी, येड लागलं का काय? सणासुदीचं!"

"ती येणार आसंल तर मी येतो," मी म्हणालो. "न्हायतर तुमचा नारळ तुमी फोडा."

भावजय म्हणाली, पोटुशी पोरगी शोरूममध्ये नाचवायची का, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोकांस्नी मागं बसायचं न्हाय. बराच वेळ चाललं. शेवटी पुतण्यानं दोन दिवस आधी भाड्याची जीप सांगितली, माझं तोंड बंद करायला. आम्ही दोघं, त्याची बायको आणि भावजय, असे चौघं गेलो. शोरूम तेच. टायवाला नवा होता.

पुतण्यानं नोंदवलेली गाडी पुढं आणली. काळी, उंच, मागची सीट पाटाएवढी आणि वर उचललेली. मी पोरीला म्हणालो, "बस बाई."

ती लाजून उभी राहिली. डोक्यावर पदर. लहानखुरी पोर आहे. टायवाला हुशार निघाला. कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून आणलं आणि गाडीशेजारी ठेवलं. "या वहिनी, यावरून चढा आरामात."

मी स्टूल लाथेनं उडवलं. काचेला जाऊन धडकलं. सगळं शोरूम वळून बघायला लागलं.

"रोज बरुबर देणार हाय का तू स्टूल? दवाखान्यात घिऊन येणार हायस?"

"आप्पा, आवाज कमी करा जरा," पुतण्या म्हणाला.

"गप. भुईवरनं बसू दे तिला."

पोरीनं नवऱ्याचा खांदा धरला. पाय उचलला. पोट मधे येत होतं. दुसऱ्यांदा उचलला. पुतण्या खालच्या आवाजात म्हणाला, "बसती गं, जरा जोर लाव की, माणसं बघत्यात." तिनं पाय खाली ठेवला. पदर नीट केला. आणि सासूसमोर, माझ्यासमोर, टायवाल्यासमोर म्हणाली,

"ही उंच हाय. मला न्हाय जमत."

"हळू बोल."

"हळू कशाला? उंच हाय ती. पोटात लेकरू हाय, मी न्हाय चढणार ह्याच्यावर."

भावजयीचं तोंड उघडं राहिलं. टायवाला म्हणाला, शंभर सीसीची बुटकी एक आहे, पण स्टॉकमध्ये नाही. तिकडं दाखवायला ठेवलेली आहे, ती बसून बघा. पोरगी तिकडं गेली, पट्टीवर पाय ठेवला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बसली. गाडी हलली नाही.

मी बाहेर आलो. ऊन होतं. फूटपाथवर उसाच्या रसाचा गाडा, त्याच्या शेजारी उभा राहिलो. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. राग आला. एवढा राग मला त्या टायवाल्याचा आला नव्हता, स्वतःचा आला नव्हता. तिचा आला. मेलेल्या माणसाचा. एवढीशी पोर, लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत, सासूपुढं तोंड उघडून बोलते. आणि तू? चाळीस वर्षं माझ्याबरोबर नांदलीस. बोकड कमी भावात दिला म्हणून भर बाजारात मला कानडीत शिव्या घातल्यास. उंच हाय एवढं म्हणता आलं नाही? मी चिडलो असतो. नक्की चिडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो, तुझ्या माहेरचा उद्धार केला असता, आणि तिसऱ्या दिवशी गाडी बदलून आणली असती. का तुला वाटलं, आणली नसती?

रसवाला माझ्याकडं बघत होता. मी मोठ्यानं बोलत असणार.

पुतण्या बाहेर आला. तोंड पाडलेलं. "आप्पा, बुटकी पाडव्याला न्हाय मिळत. आठ दिवसांनी ईल म्हणत्यात. आन त्या दिवशी मुहूर्त-बिहूर्त काय न्हाय. आई आत चिडलीया. काळी हाय ती हुबीच हाय हितं, पाडव्याला मिळती. काय करू सांगा. तुमी म्हणाल तसं."

"मला काय इचारतोस?" मी ओरडलो. "माघारी जा. तिला इचार."